परळ ते बसरा : पुणे डिव्हिजनची मुंबईतील वाट

दादरच्या खोदादाद सर्कलपासून परळ, लालबाग, चिंचपोकळी आणि भायखळा असा दक्षिणेकडे जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आज उड्डाणपुलांनी झाकलेला आणि उत्तुंग इमारतींनी वेढलेला असला, तरी पहिल्या महायुद्धाच्या काळात तो गिरण्यांच्या चिमण्यांमधून जाणारा रस्ता होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाळींत राहणाऱ्या माणसांची गावे मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांत होती. नेमक्या याच मुलखातून मुंबई सरकारच्या लष्करी भरतीला मराठा शिपाई मिळत, आणि म्हणून एका घरातील थोरल्याने गिरणीत बदली कामगार म्हणून उभे राहावे आणि धाकट्याने पलटणीत नाव नोंदवावे, यात कोणाला नवल वाटत नसे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनचा इतिहास बहुधा तिच्या सेनापतींच्या निर्णयांच्या अंगाने लिहिला गेला आहे. तो परळ-लालबागपासून गोदीपर्यंत आणि तेथून गिरगावापर्यंतच्या वाटेने वाचला, तर या सैन्यात कोण होते, कोणाला जागा नव्हती आणि त्याच्या विनाशाची किंमत कोणत्या शहराने मोजली, हे अधिक स्पष्ट होते.

डिव्हिजन म्हणजे स्वतंत्रपणे लढू शकेल अशी, सर्व शस्त्रविभागांनी युक्त असलेली पायदळाची मोठी तुकडी. सरसेनापती लॉर्ड किचनेर यांनी १९०३ पासून हिंदी सैन्याची जी फेररचना केली, तीत अशा डिव्हिजन कायमस्वरूपी उभ्या राहिल्या, आणि पुण्याला मुख्यालय असलेल्या डिव्हिजनला सहावा क्रमांक मिळाला. तिच्यात तीन ब्रिगेड होत्या : सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची आणि अठरावी बेळगावची. प्रत्येक ब्रिगेडमध्ये चार पलटणी असत, त्यांपैकी एक ब्रिटिश आणि तीन हिंदी, आणि हे प्रमाण १८५७ च्या उठावानंतरच्या अविश्वासातून ठरलेले होते. पायदळाच्या जोडीला तोफखाना, घोडदळ आणि पायोनियर, तसेच पूल बांधणारे व सुरुंग लावणारे खडकीचे सॅपर होते. शिवाय भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवाले आणि खेचरवाले असा बिनहत्यारी नोकरवर्ग होता, ज्याच्यावाचून यांपैकी एकही पलटण दोन दिवस टिकली नसती. तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती : सोळावीत ११७ वी मराठा, सतरावीत १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि अठरावीत ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. हे तीन आकडी क्रमांकही किचनेर यांच्याच फेररचनेतले असून, जुन्या मुंबई फौजेतील पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवून ते ठरवण्यात आले होते. १०३ वी, म्हणजे जंगी पलटण, ईस्ट इंडिया कंपनीने १७६८ मध्ये मुंबई बेटावरील आपल्या वसाहतीच्या रक्षणासाठी उभी केली होती, तेव्हा नाव पुण्याचे असले तरी या सैन्याचे एक मूळ मुंबईतच होते.

परळला थांबल्यावर या रचनेतील एक उणीव ध्यानात येते, आणि ती नजरेआड करणे योग्य ठरणार नाही. महार समाजातील निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब विसाव्या शतकाच्या आरंभी लोअर परळच्या डबक चाळीत आणि नंतर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. त्यांचा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, याच वस्तीतून शिक्षणासाठी एल्फिन्स्टन महाविद्यालयात जात असे. महार शिपायांनी कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली होती, परंतु काही जातीच लढवय्या असतात या सिद्धान्ताच्या आधारे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्यांची भरती बंद करण्यात आली, आणि गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांच्या अर्जांनंतरही ती सुरू झाली नाही. त्यामुळे १९१४ च्या पुणे डिव्हिजनमध्ये महारांची एकही पलटण नव्हती. मेसोपोटेमियात माणसे कमी पडू लागल्यावर, १९१७ मध्ये, सरकारला १११ वी महार पलटण उभारावी लागली आणि युद्ध संपल्यावर ती मोडण्यातही आली. ज्या परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी बैठक बोलावली, त्या परिसराने हा अन्याय घराघरांत पाहिलेला होता.

भायखळ्याहून पूर्वेकडे वळून मशीद बंदरला आल्यावर इंडियन सेलर्स होम लागते. तेथे पहिल्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या आणि ज्यांना थडगे नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. फौजा नेणाऱ्या बोटींच्या भट्ट्यांसमोर कोळसा ओढणारी माणसे याच खलाशांपैकी होती, आणि म्हणून डिव्हिजनच्या प्रवासाचा आरंभ या वास्तूपाशी मानणे योग्य आहे. पुढे बॅलार्ड इस्टेट येते, जी अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर वसली आहे. ही गोदी युद्धाच्या वर्षीच, १९१४ मध्ये, सुरू झाली होती आणि युद्धकाळात फौजांची मोठी चढउतार तिच्यातून झाली.

ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांच्या नेतृत्वाखाली सोळावी ब्रिगेड १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघाली. ती युरोपला जाणाऱ्या तांड्याबरोबरच निघाल्यामुळे खरे ठिकाण शिपायांपासून लपून राहिले, आणि सेनापतींनाही सीलबंद हुकूम समुद्रात गेल्यावर उघडावा लागला. त्याप्रमाणे बोटी इराणच्या आखाताकडे वळून २३ ऑक्टोबरला बहारीनला पोहोचल्या. तुर्कस्तानशी युद्ध जाहीर होताच ६ नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे फौज उतरली, आणि डिव्हिजनमधून मागोमाग आलेल्या कुमकेसह तिने त्याच महिन्यात बसरा घेतले. इराणमधील तेलाचे रक्षण हा मूळ हेतू होता आणि तो बसऱ्यातच साधला होता. तरीही डिसेंबरात कुर्ना, एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई, जूनमध्ये अमारा आणि सप्टेंबरात कूत अशी आगेकूच होत राहिली, कारण प्रत्येक विजयानंतर पुढचे गाव हाताशी आल्यासारखे वाटू लागले. एप्रिलपासून सेनापती असलेले मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांना बगदादच्या दिशेने पाठवण्यात आले, तेव्हा तैग्रिस नदीतून अन्न, दारूगोळा आणि जखमी यांची ने-आण करण्याइतक्या आगबोटी नव्हत्या. एका डिव्हिजनला जितका पल्ला झेपतो त्याच्या कितीतरी पुढे ही डिव्हिजन ओढली गेली, हे या मोहिमेचे मुख्य पाप होय.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे, ताक-ए-किस्राच्या प्राचीन कमानीजवळ, लढाई झाली. तीत साडेचार हजारांच्या घरात माणसे मारली गेली किंवा जखमी झाली, आणि उरलेली फौज मागे हटत कूतला येऊन अडकली. वेढा ७ डिसेंबरला सुरू झाला व जवळजवळ पाच महिने चालला. गावाच्या ईशान्य टोकाला मातीचा किल्ला होता, जेथे नाताळाच्या आदल्या दिवशी तुर्कांनी केलेला निकराचा हल्ला परतवणाऱ्यांत १०३ वी मराठा होती; नदीपलीकडील लोकरीच्या कारखान्याच्या वस्तीत ११० वी मराठा आणि १२० वी पलटण मुख्य फौजेपासून तुटून ठाण मांडून बसल्या होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारण्यात आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले, आणि हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुमती तारेने कळवण्यात आली तरी गावाकडे परतल्यावर आपल्याला पंगतीत कोण घेईल ही धास्ती गेली नाही. त्यामुळे स्कर्व्ही, म्हणजे ताज्या अन्नाअभावी हिरड्या सडवणारा रोग, त्यांच्यात अधिक पसरला. या नकाराला निव्वळ अंधश्रद्धा म्हणणाऱ्या लेखकांनी त्या माणसांच्या गावांचा विचार केलेला नाही. एप्रिलच्या मध्यापासून विमानांतून पोती टाकून अन्न पोहोचवण्याचा प्रयत्न झाला, जो जगातील तशा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता, पण तो अपुरा पडला. सुटकेसाठी आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे पडली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांसह डिव्हिजन शरण गेली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेऊन बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले, आणि त्यांतील हजारो परतलेच नाहीत.

बॅलार्ड इस्टेटपासून थोड्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याची इमारत युद्धकाळात बांधून पूर्ण झाली, तेव्हा तिच्यात मूर्ती आणि चित्रांऐवजी रुग्णांच्या खाटा लागल्या, कारण मेसोपोटेमियातील जखमींनी भरलेल्या बोटी मुंबईच्या बंदराला लागत होत्या आणि शहरातील मोठमोठ्या वास्तू लष्करी रुग्णालये झाल्या होत्या. संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी १९२२ मध्येच उघडली. जखमींच्या हालांची चौकशी प्रथम हिंदुस्थानात आणि नंतर मेसोपोटेमिया आयोगाकडून झाली. आयोगाचा १९१७ चा अहवाल इतका कठोर होता, की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

तेथून एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या टाउन हॉलपर्यंत, वाट फार लांब नाही. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी येथे युद्धपरिषद भरवली होती. लोकमान्य टिळकांनी सैन्यभरतीचा संबंध स्वराज्याशी जोडताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले, आणि टिळक व न. चिं. केळकर सभागृहातून बाहेर पडले. केवळ शिपाई मागणाऱ्या सरकारने हिंदी माणसांना अधिकारपदेही द्यावीत, ही होमरूल चळवळीची मागणी होती. गिरगावातील शांताराम चाळीच्या पटांगणात भरणाऱ्या सभांना जमणारा श्रोता हा हिशेब चांगला समजत होता, कारण गावाकडून पलटणीत गेलेल्यांची पत्रे त्याच्याकडेही येत होती. परिषदेतील अपमानाचा राग डिसेंबरात पुन्हा उसळला. विलिंग्डन यांचे स्मारक उभारण्यासाठी बोलावलेली सभा बॅरिस्टर जीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच टाउन हॉलमध्ये उधळून लावली, आणि त्या घटनेच्या स्मरणार्थ लोकवर्गणीतून गिरगावच्या काँग्रेस हाउसच्या आवारात जीना हॉल बांधण्यात आला. युद्धामुळे धान्य आणि कापडाचे भाव कडाडले होते, आणि जानेवारी १९१९ मध्ये गिरणगावातील एक लाखाहून अधिक कामगार संपावर गेले.

शिपायांच्या वाट्याला जे आले ते सरकारी पद्धतीचे होते. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या जवानांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली. सॅन्डहर्स्टच्या लष्करी शाळेत हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा राखण्यात आल्या. कूतला शरण गेलेल्या तिन्ही मराठा पलटणी हिंदुस्थानात नव्या भरतीने पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांतील ११७ वीला १९२१ मध्ये 'रॉयल' हा सन्मान मिळाला, आणि १९२२ च्या फेररचनेत १०३ वी, ११० वी व ११७ वी या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पलटणी झाल्या, ज्यांचे भरतीचे व प्रशिक्षणाचे केंद्र बेळगावला ठेवण्यात आले.