पुढचा प्रश्न

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक निरोप ऐकला. तुझं म्हणणं एवढंच ना, की मी पाठवतो ते सगळे विज्ञानाचे पॉडकास्ट ‘डाव्यांचे’ आणि तू फ्रीमाँटहून ऑफिसला जाता-येता ऐकतोस तो ‘ऑल-इन’ मात्र सरळमार्गी? व्हॉट्सॲपवर यावर भांडण्यात मजा नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बस.

आधी कबूल करतो, ‘ऑल-इन’ कंटाळवाणा नाही. २०२० च्या टाळेबंदीत चार पैसेवाल्या मित्रांनी गप्पा सुरू केल्या: चमथ पालिहापितिया, जेसन कॅलाकानिस, डेव्हिड सॅक्स आणि डेव्हिड फ्रीडबर्ग. फ्रीडबर्ग पिकांच्या जनुकांवर बोलायला लागला की मी हातातली भाजी चिरायची थांबवतो, इतकं तो छान समजावतो. त्याची स्वतःची बियाण्यांची कंपनी आहे, हेही तो लपवत नाही. पण मंडळी राजकारणाकडे वळली की मी कान टवकारतो.

जून २०२४ आठवतोय? सॅक्सने सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या घरी ट्रम्पसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम केला, चमथ त्यात सहयजमान. त्यानंतर दोनेक आठवड्यांत ट्रम्प पॉडकास्टवर पाहुणे. जेसनने जगभरच्या हुशार लोकांना अमेरिकेत येऊ देण्याचं वचन मागितलं आणि ट्रम्प म्हणाले, कॉलेजातून पदवी घेतलीस की सोबत ग्रीन कार्ड. तुझ्या भाच्याने तो तुकडा सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता, मलासुद्धा! आता तुमच्या ऑफिसातल्या कुठल्याही देशी पोराने लगेच विचारलं असतं, की ग्रीन कार्डाची संख्या काँग्रेसने ठरवलेली, वर एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, मग हे करणार कसं? हा प्रश्न मला तिथे काही ऐकू आला नाही. थोड्याच वेळात प्रचारयंत्रणेने सांगितलं, की कडक छाननी झाल्यावरच, तीही निवडक लोकांसाठी. पुढे १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. भाच्याचा चेहरा तू प्रत्यक्ष पाहिलायस, मी फक्त व्हिडिओ कॉलवर.

हे मुद्दाम सांगतोय, कारण राजकीय कल ओळखायला आपण चुकीच्या ठिकाणी बघतो. माणूस कुणाची स्तुती करतो, कुणाला नावं ठेवतो, ते मोजत बसतो. मला वाटतं, पुढचा प्रश्न जिथे येत नाही, तिथे कल बसलेला असतो. आणि तिथे गप्प बसण्यात कुणाचा फायदा आहे, ते बघायचं.

सॅक्सचं पुढचं तर तुला माहीतच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्पने त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्रिप्टोचा प्रमुख सल्लागार नेमलं, तरी तो मधूनमधून पॉडकास्टवर येतच राहिला. २३ जुलै २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये एआयच्या सरकारी धोरणाचा जो सोहळा झाला, त्याचा एक यजमान कोण? ‘ऑल-इन’! त्याच दिवशी ट्रम्पने ‘वोक एआय’ सरकारी कामात नको, असा आदेश काढला. म्हणजे यंत्राचा राजकीय कल दूर करायचा समारंभ, आणि मांडव पॉडकास्टवाल्यांचा. यातला विनोद त्यांच्या लक्षात आला असेल का, हे विचारायला मला तिथे जायची फार इच्छा होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे ठीक आहे. पण पोळपाटही त्यांचाच असेल तर निदान तसं सांगावं.

आता माझ्या घरातलं, म्हणजे विज्ञानवाल्यांचं बघ, नाहीतर तू म्हणशील, हा एकाच बाजूला मारतोय. ‘सायंटिफिक अमेरिकन’ १८४५ पासूनचं मासिक. अध्यक्षपदासाठी त्यांनी कुणालाही पाठिंबा दिला नव्हता, तो २०२० मध्ये बायडेनना दिला, २०२४ मध्ये कमला हॅरिसना. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकानेही २०२० मध्ये बायडेनना दिला. त्या ‘नेचर’च्या पाठिंब्यावर झालेला अभ्यास २०२३ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हियर’मध्ये छापून आला: बायडेनबद्दलचं मत त्याने जवळजवळ हललं नाही, पण ट्रम्प-समर्थकांचा नियतकालिकावरचा विश्वास मात्र उतरला. करोनाची माहितीसुद्धा ते तिथून कमी मागू लागले. काय मिळवलं? माझ्या मते काहीच नाही, आणि संपादकांना हे आधीच उमगायला हवं होतं.

पण जाहीर पाठिंब्याचा मला तेवढा राग नाही; तो दिसतो तरी. ताकाला जाऊन भांडं लपवलेलं मला जास्त खटकतं. फेब्रुवारी २०२० मधलं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातलं ते सत्तावीस शास्त्रज्ञांचं पत्र आठव. करोनाचा विषाणू नैसर्गिक नाही म्हणणं म्हणजे षडयंत्राची भाषा, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. सही करणाऱ्यांत पीटर दाझाक होते, आणि त्यांच्या संस्थेने वुहानमधल्या प्रयोगशाळेसोबत काम केलेलं होतं. हितसंबंधांचा खुलासा ‘लॅन्सेट’ने जून २०२१ मध्ये जोडला. मधले महिने मी ऐकत असलेल्या कार्यक्रमांत प्रयोगशाळेबद्दल विचारणं म्हणजे ट्रम्पची तळी उचलणं मानलं जायचं. बहुतेक विषाणूतज्ज्ञ आजही बाजारातून झालेल्या उगमाकडे झुकतात, मीही तिकडेच झुकतो. म्हणून काय, विचारायचंच नाही?

पॉडकास्टवाल्या जो रोगनबद्दल तू छेडशील म्हणून थोडक्यात. करोनाच्या लशींवर शंका घेणाऱ्या रॉबर्ट मलोनच्या भागानंतर जानेवारी २०२२ मध्ये डॉक्टर-शास्त्रज्ञांनी रोगनचा पॉडकास्ट चालवणाऱ्या स्पॉटिफायला पत्र लिहिलं आणि गायक नील यंगने आपली गाणी तिथून काढून घेतली. मला त्यातलं लक्षात राहिलं ते ‘सायन्स व्हर्सेस’ हे विज्ञानाचं पॉडकास्ट. तेही स्पॉटिफायच्याच घरातलं, तरी त्यांनी जाहीर केलं, की आता मालकाच्या मंचावरची चुकीची माहिती खोडून काढण्यापुरतेच भाग करू. मालकाचं मीठ खाऊन मालकालाच पुढचा प्रश्न. ते डाव्यांचे असतील तर असू देत.

तू माझ्यासाठी एक काम कर. पुढचा ‘ऑल-इन’ ऐकताना कुठे तुझ्या तोंडून गाडीत ‘अरे, पण’ निघतं, ते मिनिट लिहून पाठव. मी माझ्या विज्ञानवाल्यांचं तसंच पाठवतो, त्यांनाही सूट नाही. फक्त रोगनचा ट्रम्पवाला भाग मला ऐकायला लावू नकोस, तो तीन तासांचा आहे आणि माझा कुकर तीन शिट्ट्यांत होतो.

वहिनींना नमस्कार. भाच्याच्या वकिलाचं काय झालं, ते कळव.

तुझा,
तोच तो