गोळा आणि गोळी

वडील लासूर स्टेशनावर पॉइंट्समन होते, त्यामुळे ‘स्टार्टर’ हा शब्द मी मैदानाआधी रुळांवर शिकलो. फलाटाच्या टोकाचा तो सिग्नल पडला, की गाडी सुटणारच, असं मला वाटे. “पडला म्हणून काय झालं? गोळा कुठंय?” वडील विचारत. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा हा निजामाच्या काळातला, 1900 च्या सुमारास सुरू झालेला मार्ग तेव्हा एकेरी. पुढच्या स्टेशनमास्तरांनी त्यांच्या यंत्रावरून मोकळीक दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून धातूचा गोळा सुटत नसे, आणि एक बाहेर असताना दुसरा तर नाहीच. वेताच्या कड्याला बांधलेल्या चामडी पिशवीत तो घालून वडील ड्रायव्हरला देत. मग शिट्टी, गार्डची हिरवी झेंडी. एवढी सगळी विचारपूस झाल्यावर गाडी निवांत हलायची.

पुढे मी शर्यतींचा स्टार्टर झालो; माझ्या हाती गोळी आली. खरं तर गोळी क्वचितच. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात शालेय स्पर्धांना बहुतेकदा क्लॅपरच असतो, बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या. ऐन पावसाळ्यात लाकूड दमट होतं आणि ‘फाट्’च्या जागी नुसतं ‘धप्’ येतं. शंभर मीटरवरच्या टायमरनं आवाजावर घड्याळ दाबलं, तर धावणाऱ्याला जवळपास 0.3 सेकंद फुकट मिळतात. म्हणून पिस्तुलाचा धूर बघायचा, नाहीतर फळ्या मिटताना बघायच्या. हे नव्या टायमरला दरवर्षी सांगावं लागतं.

सुरुवातीला माझी एक खोड होती. ‘सेट’ म्हटलं, की मनात ‘एक, दोन’ मोजून फळ्या आपटायच्या. एका वर्षी तालुक्याच्या शाळेतल्या एका पोरानं ते हेरलं. दोन हीट्स पाहून तिसरीत तो उतरला, आणि माझा आवाज नि त्याचं पाऊल एकाच क्षणी. आवाज ऐकून पाय हलायला वेळ लागतोच. मोठ्या स्पर्धांत 0.1 सेकंदाच्या आत हललेला धावपटू बाद ठरतो. तिथं 2010 पासून तर पहिल्याच चुकीला बाहेर. 2011 मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत बोल्टसुद्धा असाच गेला. माझ्याकडे ब्लॉक्सना यंत्र नव्हतं. पोरगा पहिला आला. चूक त्याची कशी म्हणू? तो ऐकत नव्हता, मला मोजत होता.

तेव्हापासून मी मोजणं सोडलं. बोटं बघतो, टाचा बघतो. आठही जण थिजले, की आवाज; कधी लगेच, कधी जरा लांबवून. पण फार लांबवलं, तर मांड्या थरथरायला लागतात, तोही अन्यायच.

आज सहाव्या लेनमधली पोर डुलतेय. चिखलात तिचा ब्लॉक सरकला असावा. फळ्या उघड्याच ठेवून मी म्हणतो, “स्टँड अप.” आठही जणी कुरकुरत उठतात. मागून कुणी सर घड्याळ दाखवतात; अजून सात हीट्स बाकी आहेत.