सूर्यास्तापूर्वीची पंगत

पुणे-नाशिक महामार्गाने मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली, की पुढे कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकण लागते. अशा वाटेवर कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले भोजन मागताना मला संकोच वाटे. मित्रांच्या आनंदात आपला अडसर नको, म्हणून मी काही निमित्त सांगून घरीच थांबत असे.

गेल्या हिवाळ्यात बँकेतील जुन्या स्नेह्यांनी मोशीच्या एका उपाहारगृहात सायंकाळी पाचलाच बैठक ठरविली. कच्च्या केळ्यांचे कोफ्ते, फुलके, वरण-भात असे एकच भोजन सर्वांनी मागविले. माझा चौविहार, परंतु सूर्यास्तापूर्वी सर्वांनीच हात धुतले. निघताना एकाने सहज विचारले, “पुढच्या महिन्यात सूर्यास्त किती वाजता हो?” त्या प्रश्नाने माझा अनेक वर्षांचा संकोच मावळला.