दोरीची बाजू

शिनाईला धार नसते, पण धारेची बाजू असते. बांबूच्या चार पट्ट्या जुळवून केलेली ही जपानी काठी. टोकाला चामड्याची टोपी, मुठीवर चामड्याची खोळ, आणि टोकापासून मुठीपर्यंत ताणून बांधलेली एक दोरी. ही दोरी म्हणजे तलवारीची पाठ. तिच्या विरुद्ध अंगाने लागला तर तो वार. दोरीच्या अंगाने कितीही सणसणीत बसला तरी नुसता बांबू. टोकाकडे चामड्याची एक वादी गच्च गुंडाळलेली असते. कापायचा मान तिच्या आसपासच्या आणि पुढच्या भागालाच. चार फुटांना जरा कमी भरणाऱ्या काठीत अख्खी तलवार मानून घेतलेली आहे.

माझा भाचा ओसाकातली नोकरी आटोपून आला तो केंदोचं, म्हणजे या काठीने खेळायच्या जपानी तलवारबाजीचं, सगळं सामान घेऊनच. जाळीचा मुखवटा, जाडजूड हातमोजे, छातीचं कवच, कमरेभोवतीचे पदर. बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, कोळीवाड्यातल्या सुकटीच्या वासात, आमच्या गच्चीवर त्याचं ओरडणं सुरू झालं तेव्हा खालून चार डोकी लगेच वर आली. शेजारचे दादूस सगळ्यांच्या मागून आले. जन्म जाळी विणण्यात गेलेला माणूस. कवचाकडे त्यांनी पाहिलंच नाही. वादीची गाठ पाहिली. नखाने सरकवून बघितली, सरकली नाही तेव्हा मान हलवली. मग बांबूवरून अंगठा उलटसुलट फिरवला आणि एका जागी थांबले. “हितं सल निघालाय. डोल्यात जाईल कुनाच्या.” भाचा वरमला. खेळण्याआधी चारही पट्ट्या तपासायच्या, हा केंदोतला पहिला धडा. फुटलेला बांबू मुखवट्याच्या जाळीतून थेट आत शिरतो.

मग दादूसनी विचारलं, “धार नाय, तं लागला का नाय ते कोन सांगतं?”

सगळं भांडण या प्रश्नाचं आहे. केंदोत ते तीन पंच सांगतात. एका हातात लाल निशाण, एका हातात पांढरं. दोघांचं निशाण वर गेलं की गुण. डोकं, मनगट, धड आणि गळा, एवढ्याच जागा. पाच मिनिटांत दोन गुण आधी मिळवील तो जिंकला. इथवर हा कुठलाही खेळ झाला. पण काठी टेकली म्हणून निशाण उठत नाही. आरोळी, पवित्रा, पाय आणि काठी एका क्षणी एकवटली पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे वार झाल्यावरही माणूस सावध राहिला पाहिजे. गुण मिळाल्याच्या आनंदात कुणी मूठ उंचावली, तर पंच एकत्र येऊन दिलेला गुण काढून घेऊ शकतात. आमच्याकडच्या पोरांना यातलं काहीच पटलं नाही. जिंकल्यावर नाचायचं नाही, तर जिंकायचं कशाला? दिवाळ्यात हा प्रश्न रास्त आहे.

जुन्या तलवारबाजीच्या घराण्यांना मात्र इतकंही पुरत नाही. कातोरी शिंतो-र्‍यूसारख्या परंपरा सहाशे वर्षांच्या आसपासच्या. त्यांच्यात सामना नाही, फक्त ठरलेल्या हालचालींची जोडीने केलेली आवर्तनं. चिलखताच्या फटी कुठे असतात ते त्यांना ठाऊक. वार काखेत, मांडीवर, मनगटाच्या आतल्या अंगाला. ते म्हणतात, खरी तलवार टेकवून उचलायची नसते, ओढून कापायची असते. आणि गुळगुळीत लाकडी जमिनीवर पाय आपटत धावणारा माणूस चिखलाच्या शेतात पहिल्या पावलाला तोंडावर पडेल. भाचा हे मान्य करतो. मीही करते. पण पुढे माझं त्यांच्याशी पटत नाही.

जपानात 1876 च्या हुकमाने सामुराईच्या कमरेची तलवार गेली. आपल्याकडे इंग्रजांचा शस्त्रकायदा 1878 चा. दोनच वर्षांचं अंतर. म्हणजे दोन्हीकडे एकाच सुमारास एकच पेच पडला: हातात विद्या आहे, तिचं आता करायचं काय?

जपान्यांनी आधी तमाशा करून पाहिला, म्हणजे तिकीट लावून. साकाकिबारा केन्किची हा शोगुनाच्या पदरचा नामांकित तलवारबाज. त्याने हुकमाच्याही आधी, 1873 मध्ये, तोक्योत तलवारीचे जाहीर खेळ भरवले. बेकार सामुराईंच्या पोटाला चार घास मिळाले, नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडली. पुढे पोलिसांनी ही विद्या उचलली, मग शाळांनी. 1912 मध्ये निरनिराळ्या घराण्यांचा अर्क काढून दहा आवर्तनं ठरली. युद्धात हरल्यावर अमेरिकी अंमलात शाळांतून केंदो हद्दपार झाला, तर लोकांनी ‘शिनाई-क्योगी’ नावाचा अगदी पाश्चात्त्य वळणाचा, शर्ट-पँट घालून खेळायचा प्रकार काढला आणि त्याच्या आडोशाने वर्षं काढली. 1952 मध्ये महासंघ झाला, 1970 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा. 1975 मध्ये त्याच महासंघाने लिहून ठेवलं की तलवारीच्या तत्त्वांतून माणूस घडवणं हा केंदोचा हेतू. ज्यूदो 1964 मध्येच ऑलिंपिकला गेला. केंदो गेला नाही, आणि केंदोवाल्यांना त्याची खंतही दिसत नाही.

आपण दुसरी वाट धरली. तालमींनी दांडपट्टा जपला, कोल्हापूरने तर जिवापाड. पण त्याला समोर माणूस उरला नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवणाऱ्या मुली मी दरवर्षी पुढे घुसून बघते. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीच्या आत, खोबण थेट कोपराकडे जाते, त्यामुळे मनगट वळतच नाही. वळायचं ते खांद्याने आणि कमरेने. म्हणून ती गरगर चक्रं. जमिनीवर ठेवलेलं लिंबू एका फटक्यात दोन होतं आणि हलगी कडाडते. 2024 मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला. चांगलंच झालं. पण लिंबू उलटा वार करत नाही.

परंपरा स्पर्धेने बाटते म्हणतात. मला उलटं दिसतं: समोर उलटणारा माणूस नसला की ती हळूहळू नाच होते, देखणा नाच. फरी-गदका आपल्याकडे होताच की! एका हातात चामड्याची ढाल म्हणजे फरी, दुसऱ्या हातातल्या काठीला, गदक्याला, चामड्याचं वेष्टन, म्हणजे जीव न घेता जोरात मारायची सोय आपल्यालाही सुचली होती. पंजाब्यांनी त्यांचा गतका नियमांत बसवला आणि 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पदकासाठी खेळून दाखवला. आपला गदका बहुतेक ठिकाणी संचलनात दोन मिनिटं दिसतो.

नुसती स्पर्धा पुरे, असंही मी म्हणत नाही. भाच्याने एका संध्याकाळी लाकडी तलवारी काढून मला समोर उभं केलं आणि त्या दहा आवर्तनांतलं पहिलं शिकवलं. मी डोक्यावर वार करायचा, त्याने मागे सरून तो हुकवायचा आणि माझ्या डोक्यावर आणायचा. माझी तलवार हवा कापत खाली गेली, त्याची माझ्या कपाळापाशी येऊन थांबली. “मावशी, तू गुरू आहेस,” तो म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. पण तशीच रीत आहे: दोघांतला वडीलधारा नेहमी हरणाऱ्याची बाजू घेतो. खरा, पूर्ण वार करायचा, शिष्याला त्यातून जिंकायची वाट द्यायची, आणि पडल्यावरही नजर त्याच्यावरून काढायची नाही. सामन्यात दुसऱ्याला हरवायचं आणि आवर्तनात स्वतः नीट हरायचं, हे एकाच माणसाने एकाच संध्याकाळी करायचं. खेळ की कला, हा वाद घालणाऱ्यांना मी या जागी उभं करीन.

तर आता भाच्याच्या डोक्यात फरी-गदका शिरलाय. कोळीवाड्यातली सात-आठ पोरं आणि दोन पोरी रोज गच्चीवर येतात. ढाली जमतील, काठ्या दादूस गुंडाळून देणार. अडलंय पंचांवर. गावातल्या साऱ्यांना मान्य होतील असे तीन पुरुष दिवाळ्यात आहेत का, यावर बराच वेळ शांतता होती. मग दादूस म्हणाले, “बाजारातल्या बाया बसवा. गिऱ्हाईक घेनार का नाय, त्याच्या डोल्यात बघून सांगतात.” भाच्याला ते तात्काळ पटलं. पंचाने निशाणाशिवाय बोलायचं नसतं, तेवढं त्यांना कोण सांगणार, हे मात्र ठरायचं आहे.