कवळी काढलेला चेहरा

माझा आणि संगणकाचा संबंध प्रश्नपत्रिका टंकित करणे आणि गुणयाद्या भरणे एवढ्यापुरताच. त्यामुळे ‘मावशी, मला आजोबांचं डोकं करायचंय, अगदी खरं वाटेल असं. शिकायला काय घेऊ?’ असे भाच्याने विचारले, तेव्हा त्याने चुकीचे दार ठोठावले असे मला वाटले. ‘डोकं करणं’ म्हणजे पडद्यावर, त्रिमितीत, मातीच्या गोळ्यातून घडवावे तसे घडवणे. आजोबा म्हणजे माझे वडील, अण्णा. त्यांना जाऊन आता सहा वर्षे होतील.

पण पुस्तक पारखण्याचा थोडाफार सराव मला आहे. वीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर गाईड कोणते आणि ग्रंथ कोणता, हे पहिली चार पाने चाळून कळू लागते. गाईडात उत्तरे असतात. प्रश्न मुळात का पडला, ते नसते. हीच फूटपट्टी इथेही लावून पाहू, असे मी ठरवले.

प्रथम आम्ही एका संस्थेत गेलो. माहितीपत्रकात सॉफ्टवेअरांची नावे आणि प्रत्येकापुढे महिने छापलेले होते. ‘हाडं कोणत्या महिन्यात शिकवता?’ असे मी विचारले. समुपदेशक मुलगी गोड हसली आणि हप्त्यांची सोय समजावून सांगू लागली. फीचा आकडा ऐकून माझ्या बहिणीने पाणी मागितले. असो.

मग घरीच शिकायचे ठरले. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. २००२पासून ते मुक्त आहे. त्यावरच्या चित्रफितींना तर तोटाच नाही, आणि अडचण नेमकी तीच. कित्येक चित्रफितींत शिक्षक ‘हे दाबा, आता ते दाबा’ एवढेच सांगत असतो. २०१९मध्ये ब्लेंडरची २.८० ही आवृत्ती आली, तिच्यात पडद्याची मांडणीच बदलली आणि त्याआधीच्या चित्रफिती पाहणारा विद्यार्थी नाहीशी झालेली बटणे शोधत बसू लागला. दुसरीकडे पॉल रिशे या फ्रेंच वैद्याने कलावंतांसाठी लिहिलेले शरीररचनेचे पुस्तक १८९०चे आहे. रिशे स्वतः शिल्पकारही होता. त्याने दाखवलेले गालाचे हाड अजून जागचे हललेले नाही. त्याची इंग्रजी आवृत्ती आम्ही मिळवली. जोडीला लाटव्हियाच्या उल्डिस झारिन्श या शिल्पकाराचे ‘ॲनाटॉमी फॉर स्कल्प्टर्स’ घेतले. त्यात मजकूर अगदी थोडा आहे. एरवी मी अशा पुस्तकाकडे तुच्छतेने पाहिले असते, पण चेहऱ्याचे उतार आणि पातळ्या रंगांनी वेगळ्या करून दाखवणारी त्यातली चित्रे पाहून माझा शब्दांचा अभिमान थोडा उतरला.

चित्रफितींपैकी एकच मालिका ठेवली. तिच्यातला शिक्षक तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती जाळीच्या रेषा वर्तुळाकार का न्यायच्या, ते सांगतो. ओठांचा आणि पापण्यांचा स्नायूही तसाच गोलाकार असतो. रेषा त्याच्या दिशेने गेल्या नाहीत, तर चेहरा हसताना भलत्याच ठिकाणी चुरगळतो. हे ‘का’ ऐकले आणि मी म्हटले, हा ग्रंथ.

पहिले डोके तीन महिन्यांनी झाले. मेणाचे दिसत होते. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७०मध्येच म्हणून ठेवले आहे की, कृत्रिम माणूस जवळजवळ खरा वाटू लागला की एका टप्प्यावर तो अधिक आवडण्याऐवजी अंगावर येतो. मला तर अण्णांच्या त्या चेहऱ्याची भीतीच वाटली, आणि भीती वाटल्याची लाजही. भाच्याने शांतपणे खोलीतला दिवा मालवला आणि माझ्या बोटांमागे बॅटरी धरली. बोटे लाल उजळली. प्रकाश कातडीवरून नुसता परत फिरत नाही. तो आत शिरतो, पसरतो, शेजारून बाहेर पडतो, आणि लाल प्रकाश सर्वांत दूर जातो. त्याने ते गणित बसवले तेव्हा कानांच्या पाळ्या जिवंत झाल्या.

तरीही आई म्हणाली, ‘ह्यांचं नाक असं भज्यासारखं नव्हतं.’ दोष फोटोचा होता. तो फोनवर, अगदी जवळून काढलेला. अशा फोटोत नाक पुढे येते आणि कान मागे पळतात. मग निवृत्तीच्या वेळी स्टुडिओत, लांबून काढलेला फोटो शोधला. नाक जाग्यावर आले. पण अण्णा आले नाहीत.

मध्यंतरी कुणीतरी त्याला २०२१मध्ये आलेले मेटाह्युमन क्रिएटर सुचवले. खऱ्या माणसांच्या चेहऱ्यांच्या मापांवरून, कळ सरकवत, तासाभरात माणूस तयार! त्याने एक केलाही. देखणा म्हातारा होता, कुणाचाही आजोबा शोभला असता. त्याने तो पुसून टाकला.

उत्तर रिशेच्या पुस्तकात नव्हते, पण त्या पुस्तकाने कवटीकडे पाहायची सवय लावली होती. एका रात्री भाच्याने विचारले, ‘मावशी, आजोबांना कवळी होती ना?’ होती. फोटोसाठी, लग्नकार्यासाठी ते ती लावत. घरात ती पेल्यात असे. दात गेले की जबड्याचे दात धरणारे हाड झिजते, खालचा जबडा अधिक वर मिटतो, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठ आत वळतात. आमच्याजवळचे सगळे फोटो कवळीचे होते आणि आमच्या आठवणीतले अण्णा कवळीविना. त्यांचे व्यक्तिचित्र मी एकदा लिहिले होते, चांगले दहा पानांचे. त्यात कवळीचा उल्लेखही नाही.

त्याने दात काढले, जबडा थोडा मिटवला. फार नाही, जेमतेम बोटभर. आईला बोलावले. ती पडद्यापुढे बराच वेळ काहीच बोलली नाही. मग पदराने स्वतःचाच चष्मा पुसत म्हणाली, ‘आणि ह्यांचा चष्मा रे? डाव्या काडीला दोरा बांधलेला होता.’

तो आता दोरा कसा करायचा ते शोधतो आहे.