रुळांवरची ब्युइक

वाहतुकीचा धडा चालू होता. चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, रुळांवर मोटार चालते का?" वर्ग हसला. मी म्हटलं, "चालायची. वीस वर्षं चालली."

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत रिओ ग्रँड सदर्न नावाची अरुंद रुळांची रेल्वे होती. रिजवे ते डुरँगो, 162 मैल. वाटेत दहा हजार फुटांवरचा लिझर्ड हेड घाट. खाणींच्या जिवावर उभी राहिलेली ही लाइन 1929 मध्ये दिवाळ्यात निघाली आणि कारभार व्हिक्टर मिलर या रिसीव्हरकडे आला. मूठभर उतारूंसाठी कोळसा जाळायचा, वाफेच्या इंजिनावर माणसं पोसायची, हे परवडेना. गाडी बंद करावी तर टपालाचं कंत्राट हातचं जाणार.

मग 1931 साली रिजवेच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या ब्युइकची रबरी चाकं काढून लोखंडी बसवली. मागे टपाल-सामानाची सोय केली. पुढच्या काही गाड्यांना पिअर्स-ॲरो या श्रीमंती मोटारीचे सांगाडे वापरले. 1936 पर्यंत अशा सात झाल्या. खडबडीत रुळांवर त्या बदकासारख्या डुलत, इंजिन तापू नये म्हणून बॉनेटची झाकणं पंखांसारखी उघडी ठेवत. लोकांनी नाव पाडलं 'गॅलपिंग गूज'. कंपनीच्या कागदांवर मात्र नुसतं 'मोटर'.

याआधी 1905 पासून मॅकीन कंपनीने सुरीसारख्या नाकाच्या, गोल खिडक्यांच्या दीडशेवर देखण्या पेट्रोल-गाड्या बनवल्या होत्या. पण मागे जायचं तर इंजिन बंद करून उलटं सुरू करावं लागे! मला रिजवेची भंगारातली अक्कल जास्त पटते. आमच्या उर्दू शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतो. पट कमी म्हणून शाळा बंद करायची कुजबुज दर जूनला ऐकतो. कदाचित म्हणूनच.

"मग ती बंद का पडली?" त्याच मुलाचा प्रश्न.

टपाल रस्त्याने ट्रकमधून जाऊ लागलं. 1950 मध्ये कंत्राट गेलं. सामानाच्या जागी बाकं टाकून पर्यटकांना फिरवून पाहिलं, पण तेवढ्यावर लाइन तगली नाही. रूळ उखडले गेले. सातातल्या सहा गाड्या आजही आहेत. ती पहिली ब्युइकवालीच तेवढी राहिली नाही.