बंद यंत्रातील संहिता

एकनाथांनी आपले भागवत काशीस शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिक पौर्णिमेस, पूर्ण केले. आणि त्यानंतर अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. संहिता बिघडते कशी व राखावी कशी, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकास तेव्हापासून परिचयाचा आहे. काशीच्या विद्यापीठात अभ्यागत म्हणून असताना गेल्या पावसाळ्यात तो माझ्यापुढे आला तो एका लॅपटॉपच्या रूपाने.

यंत्र दुर्गाघाटाच्या बाजूस राहणाऱ्या एका दिवंगत मराठी गृहस्थांचे. पेशवाईच्या काळात काशीस येऊन स्थिरावलेल्या घराण्यांपैकी हे एक. घरात मोडी कागदांची दोन बासने होती : यात्रेकरूंच्या नोंदी, दक्षिणेचे हिशेब, देशावरून आलेली पत्रे. निवृत्तीनंतर या गृहस्थांनी ती वाचून देवनागरीत टंकित केली. कागद पुढे वाळवीने खाल्ले. राहिले ते लिप्यंतर, आणि तेही अशा यंत्रात की जे चालू होत नव्हते. “बाबांचं सगळं यातच आहे हो, सर,” असे म्हणत त्यांच्या कन्येने ते माझ्या टेबलावर ठेवले.

शहरातील एका दुकानाने तिला डिस्क ‘फॉरमॅट’ करून सर्व नव्याने बसवून घेण्याचा सल्ला दिला होता. यंत्र त्यामुळे चालूही झाले असते! फॉरमॅटने बहुधा अनुक्रमणिका तेवढी जाते, मजकूर राहतो. परंतु त्यावर नवी प्रणाली लिहिली की ज्या जागी ती बसते तेथील जुने अक्षर कायमचे गेले. चर्मपत्र खरवडून पुन्हा वापरणाऱ्या मध्ययुगीन लेखकाच्या हाताखालून निदान पुसट रेषा तरी उरत.

लंकेवरच्या एका तरुण कारागिराने मात्र चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, कानाशी धरली, जोडणीची तार लावून आपल्या संगणकास जोडली आणि म्हणाला, “मशीन गइल गुरुजी, बाकी डिस्क जिंदा हौ.” त्याची पद्धत पाहून मला पाठचिकित्सेच्या वर्गाची आठवण झाली. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही. आधी तिची संपूर्ण प्रत उतरवायची. जे भाग वाचता येत नाहीत तेथे न अडता पुढे जायचे व शेवटी त्यांच्याकडे परतायचे. मोडी वाचणाराही हेच करतो. डिस्कला सांकेतिक कुलूप नव्हते हे सुदैव. अलीकडच्या अनेक यंत्रांत ते असते, आणि किल्लीवाचून डिस्क जिवंत असूनही मुकी राहते.

फाइली मिळाल्या, उघडल्या, आणि पडद्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन सडा पडला. कन्येचा चेहरा उतरला. वस्तुतः काहीही बिघडले नव्हते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठीचे टंकन ज्या फाँटांत होई, त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीच्या आकृती बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच. फाँट नसला की पांघरूण निघते. शिवाय प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी. मोडी न जाणणाऱ्यापुढे बासन सोडावे तसे हे होते. एका जुन्या मुद्रणालयात तो फाँट सापडला, तेव्हा पाने वाचता आली. मग रूपांतराचे काम सुरू झाले.

येथे खरी गंमत आहे. जुन्या फाँटांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडात क्रम उच्चाराचा. रूपांतर करणारी आज्ञावली येथे ठेचकाळते आणि ‘कार्तिक’चे ‘कातिर्क’ होते. असे दोष नियमित असल्याने ओळखू येतात व निःशंकपणे दुरुस्त करता येतात. लेखकूच्या डुलकीपेक्षा यंत्राची डुलकी संपादकास अधिक सोयीची, असे माझे मत झाले आहे.

यापलीकडचे दोष अवघड. १९०९ साली राजवाड्यांनी ज्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती पोथी पुढे उपलब्ध राहिली नाही. म्हणून त्या पाठांत पोथीचे किती आणि संपादकाचे किती, ही शंका राहतेच. आमच्यापुढे तोच पेच लहान प्रमाणात उभा आहे. एका पत्रात घाटाच्या ‘शिड्या’ दुरुस्त केल्याचा उल्लेख येतो. देशावरचा मराठी माणूस ‘पायऱ्या’ म्हणेल. मी पेन्सिलीने खूण केली, तेव्हा कन्या म्हणाली, “आमच्या घरी घाटाला शिड्याच म्हणतात.” हिंदीच्या शेजाराने आलेला हा शब्द मूळ पत्रलेखकाचा, की वाचता वाचता बाबांच्या हातून उतरलेला? फाँटाचा हा दोष नव्हे, एवढे सांगता येते. कागद असता तर पाहता आले असते. ‘शिड्या’ तसाच ठेवून मी खाली टीप दिली आहे, आणि आम्ही पुढच्या पत्राकडे वळलो आहोत.